रात्री अकरानंतरचे सेनापती

२२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर चढाई केली, तेव्हा त्याची एका बाबतीत मोठी सोय होती. पुढची चाल करण्याआधी त्याला स्टालिनच्या ई-मेलची वाट बघावी लागत नव्हती.

मला लागते. माझा स्टालिन फिनलंडमध्ये राहतो. तो निवृत्त शिक्षक आहे. दिवसा सरपण फोडतो, संध्याकाळी सॉनात बसतो आणि मग सावकाश, घाम पुसत, माझ्या डिव्हिजनांकडे वळतो. फिनलंडच्या माणसाने स्टालिन व्हावं हे त्याच्या घरात कुणालाच पसंत नाही, कारण १९३९ च्या हिवाळ्यात त्यांच्यावर चाल करून आलेला स्टालिन तो हाच. पण तो नाणेफेक हरला आणि माझ्या वाट्याला जर्मन सैन्य आलं. हे माझ्या घरातही कुणाला पसंत नाही.

"म्हणजे तू हिटलर?" आईने विचारलं.

"हिटलर नाही गं. मी फक्त सैन्य चालवतो."

"न्यूरेंबर्गच्या खटल्यात सगळे हेच म्हणाले होते, बाबा," कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आमची कन्या म्हणाली आणि चार्जर घेऊन निघून गेली. चार्जर माझा होता.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकावरचे युद्धखेळ दोन प्रकारचे. पहिल्या प्रकारात माणूस बंदूक घेऊन धावतो, दिसेल त्याला गोळ्या घालतो, मरतो आणि तीन सेकंदांत पुन्हा उठतो. हा खेळ लहान मुलं खेळतात आणि जेवायला हाक मारली की निदान तिसऱ्या हाकेला तरी येतात. दुसऱ्या प्रकारात धावायचं कुणीच नाही. समोर नकाशा. नकाशाला षटकोनी घरं, म्हणजे हेक्स. प्रत्येक घरात चौकोनी चकत्या, चकत्यांवर बारीक आकडे. आकडे वाचायला चष्मा लागतो, आणि या प्रकारच्या खेळाडूंकडे तो बहुतेक असतोच. आम्ही खेळतो त्या 'वॉर इन द ईस्ट' नावाच्या २०१० सालच्या खेळात एक हेक्स म्हणजे दहा मैल आणि एक टर्न म्हणजे एक आठवडा. १९४१ ते १९४५ हे सगळं युद्ध खेळायचं तर दोनशेहून जास्त टर्न होतात. आपली टर्न खेळायची, फाइल समोरच्याला पाठवायची आणि मग इनबॉक्सकडे टक लावून बसायचं.

लोकांना वाटतं, हे युद्ध आहे. आपल्यालाही आधी तसंच वाटतं. पहिल्या टर्नला रणगाडे सुटतात, सरहद्द फुटते, छाती फुगते. तिसऱ्या-चौथ्या टर्नला कळतं, आपण सेनापती नाही, आपण स्टोअरकीपर आहोत. अमुक डिव्हिजनला इंधन किती, तमुक डिव्हिजनचे ट्रक किती, दारूगोळा कुठे अडकला, घोडे किती मेले. १९४१ च्या चढाईत जर्मन सैन्याने सुमारे सहा लाख घोडे नेले होते. चित्रपटात रणगाडेच दिसतात, कारण सहा लाख घोड्यांच्या चाऱ्यावर कुणी चित्रपट काढत नाही. तो चारा आमच्या वाट्याला येतो. मी दिवसभर विमा कचेरीत दाव्यांची कागदपत्रं तपासतो. कोणता कागद जोडला नाही, कुठे सही राहिली, कोणती रक्कम जुळत नाही हे बघून बघून डोकं उठतं. म्हणून विरंगुळा हवा. तो मिळतो रात्री अकरानंतर, आर्मी ग्रुप साउथची रसद तपासताना. फरक एवढाच, की कचेरीत या कामाचा पगार देतात.

आता रसदीतलं खरं दुखणं ऐका. रशियातल्या रेल्वेचे रूळ युरोपातल्या रुळांपेक्षा रुंद. युरोपात १४३५ मिलिमीटर, रशियात १५२४. फरक साडेतीन इंचांचा. जर्मनांची गाडी सरहद्दीपर्यंत झोकात यायची आणि पुढे त्या साडेतीन इंचांपाशी अडायची. रूळ उखडा, सरकवा, पुन्हा ठोका, तेव्हा कुठे पुढचं स्टेशन. खेळात हे काम करणाऱ्या तुकड्या मोजक्याच मिळतात आणि त्या गोगलगायीच्या गतीने पुढे सरकतात. आमच्या खेळाडूंच्या गटातले पुण्याचे लोक या ठिकाणी हवालदिल होतात. मी होत नाही. माझं लहानपण कुर्डुवाडीला गेलं. तिथे एका बाजूला मोठी ब्रॉडगेज आणि पलीकडे बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज. दोन्हींच्या रुळांच्या रुंदीत तीन फुटांचा फरक. आषाढीला हजारो वारकरी एका गाडीतून उतरायचे, डोक्यावर वळकटी, हातात लोटा, कडेवर पोर, आणि पाच मिनिटांत पलीकडच्या छोट्या गाडीच्या डब्यात, दारात आणि जमलं तर टपावर जाऊन बसायचे. सगळे पंढरपूरला वेळेवर पोचायचे. जर्मनांच्या जनरल स्टाफने कुर्डुवाडी जंक्शनवर एक आषाढी काढली असती, तर मॉस्कोचं काही सांगता आलं नसतं. हे मत मी गटात मांडलं, तेव्हा त्यावर तीन दिवस चर्चा झाली आणि शेवटी सर्वानुमते ठरलं, की प्रश्न रुळांचा नसून ट्रकांचा होता. ट्रकांवर पुढे चार दिवस गेले.

गटाची ओळख करून द्यायला हवी. आम्ही दहा-बाराजण आहोत. एकमेकांना प्रत्यक्ष फारसे भेटलेलो नाही, तरी एकमेकांच्या डाव्या आघाडीवर कुठे भगदाड आहे हे पक्कं ठाऊक आहे. सर्वांत ज्येष्ठ ते मेजर. मेजर म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. लष्कराशी त्यांचा संबंध कँटीनच्या कार्डापुरता, तेही मेहुण्याचं. पण बोलताना 'आम्ही खारकोव्हला होतो तेव्हा' अशी सुरुवात करतात, आणि नवख्या माणसाला हे पेन्शनर खरंच खारकोव्हला होते असं वाटतं. दुसरे नाशिकचे इंजिनीअर, त्यांना आम्ही रणगाडेकाका म्हणतो. तिसरे इंदूरचे सर, इतिहास शिकवत, आता इतिहास दुरुस्त करतात. चौथा न्यू जर्सीचा मित्र. त्याच्याकडे आजवर निघालेला प्रत्येक युद्धखेळ आहे. दिवाळीचा सेल, ख्रिसमसचा सेल, उन्हाळ्याचा सेल, तो सोडत नाही. खेळलेला एकही नाही. "मुलं मोठी झाली की खेळणार," तो म्हणतो. थोरला या वर्षी नोकरीला लागला.

आणि एक चिरंजीव आहेत, रणगाडेकाकांचेच. कॉलेजात आहेत. ते आमच्यासारखं हेक्स मोजत बसत नाहीत. २००९ सालच्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्ये मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं. तो खेळ १७०० साली सुरू होतो. त्याच वर्षी छत्रपती राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी मोगलांविरुद्धची लढाई अंगावर घेतली. चिरंजीवांनी ताराबाईंना फार वेळ ताटकळत ठेवलं नाही. एका शनिवार-रविवारात त्यांनी दिल्ली घेतली आणि पुढच्या रविवारी भगवा लंडनवर लावल्याचा फोटो गटात टाकला.

"अभिनंदन," मेजरांनी लिहिलं. "रसद कुठून आणलीस?"

"रसद या गेममध्ये नसते, काका."

यावर मेजरांनी दोन दिवस काहीच लिहिलं नाही. लंडन पडल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, पण रसदीशिवाय पडलं हे मनाला लागलं.

मेजरांसारख्यांना शांत करायला एक गोष्ट सांगावी लागते. १९७९ साली अमेरिकेत रिचर्ड बर्ग यांचा 'द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका' नावाचा युद्धखेळ निघाला. संगणकावरचा नव्हे, टेबलावरचा. टेबल म्हणजे खरं तर हॉल लागतो, कारण नकाशा सुमारे दहा फूट लांब. चकत्या दीड हजारांच्या वर. खेळायला दोन्ही बाजूंनी मिळून दहाजण हवेत आणि संपूर्ण खेळायला सुमारे दीड हजार तास लागतात असं सांगतात. त्यात एक नियम आहे : इटालियन तुकड्यांना वाळवंटात जादा पाणी द्यायचं, कारण त्यांना पास्ता उकडायचा असतो. रचणाऱ्याने तो नियम गमतीने घातला होता. पण युद्धखेळवाल्यांना गंमत सांगताना जपून सांगावी. ही गोष्ट मी गटात सांगितली तेव्हा इंदूरच्या सरांनी गंभीरपणे विचारलं, "मग मराठा फौजेच्या भाकरीसाठी पाण्याचा हिशेब कसा धरायचा? पीठ मळायला वेगळं आणि तवा धुवायला वेगळं?" मेजर म्हणाले, "स्वारीवर तवा धुवत नाहीत." झालं, आठवडा गेला.

या रोगाचा उगम जुना आहे. १८१२ मध्ये प्रशियातल्या राइसव्हिट्झ नावाच्या एका गृहस्थाने राजासाठी एक भलंमोठं टेबल बनवून घेतलं आणि त्यावर लुटुपुटीची लढाई मांडली. पुढे १८२४ मध्ये त्याच्या मुलाने, जो सैन्यात अधिकारी होता, नकाशा, फासे आणि पंच यांच्यासह तो खेळ पक्का केला आणि प्रशियाच्या सैन्याने तो प्रशिक्षणासाठी घेतला. यातला पंच महत्त्वाचा. म्हणजे १८२४ मध्येच त्यांना कळून चुकलं होतं, की दोन माणसं एका नकाशाभोवती बसली, की तिसरा भांडण मिटवायला लागतो. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या लेखकाने 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढून शिशाचे शिपाई आणि खेळण्यातल्या तोफा घेऊन जमिनीवर लोळत कसं लढावं, याचे नियम सांगितले. पुढच्याच वर्षी मोठ्या माणसांनी खरं महायुद्ध सुरू केलं. त्यापेक्षा ते जमिनीवर लोळले असते तर बरं झालं असतं, पण राजे-महाराजांचे गुडघे आमच्याइतकेच कामातून गेलेले असावेत.

आमच्या खेळात पंच नसतो. त्यामुळे प्रतिस्पर्धी पळून गेला तर तक्रार करायची सोय नाही. आणि प्रतिस्पर्धी पळतात. त्यांच्या पळण्याचा हंगामही ठरलेला आहे. जर्मन बाजूचा खेळाडू जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोज टर्न पाठवतो, खाली विजयाची बातमीपत्रं लिहितो, कीव्ह घेतल्याबद्दल आपली विचारपूस करतो. मग पाऊस येतो, चिखल होतो, डिसेंबर उजाडतो, बर्फ पडतं आणि रशियन सैन्य उलटून येतं. त्याच आठवड्यात या गृहस्थाचा लॅपटॉप बिघडतो. नाहीतर त्याची बदली होते. नाहीतर मुलाची दहावी असते. डिसेंबर १९४१ मध्ये जितक्या वेळा दहावीची परीक्षा येते, तितक्या वेळा ती महाराष्ट्र बोर्डानेही कधी घेतली नसेल. उलट रशियन बाजूने खेळणारे जुलै-ऑगस्टमध्येच गळतात, त्यांच्याकडे लग्नं असतात. मुहूर्त आहेत की नाहीत हे पंचांगात बघायचं नाही, आघाडीकडे बघायचं.

माझा फिनलंडवाला तसा नाही. तो बर्फाला घाबरत नाही. किंबहुना तो बर्फाची वाटच बघतो. डिसेंबरात त्याचे ई-मेल लवकर येऊ लागले, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. "आज आमच्याकडे उणे बावीस," त्याने लिहिलं. "तुमच्या सैनिकांना कोट दिलेत का?" मी लिहिलं, "कोट पोलंडमध्ये आहेत." "रूळ?" त्याने विचारलं. "रूळ," मी लिहिलं. मग त्याने एका टर्नमध्ये माझ्या तीन डिव्हिजना वेढल्या आणि खाली शुभ नाताळ लिहिलं.

याहून चिवट जातीचे लोक 'वॉर इन द पॅसिफिक' खेळतात. त्यात एक टर्न म्हणजे एक दिवस आणि युद्ध पर्ल हार्बरपासून १९४६ पर्यंत ताणता येतं. म्हणजे रोज एक टर्न नेमाने पाठवली तरी खेळायला खऱ्या युद्धाइतकाच काळ लागणार. आणि रोज कोण पाठवतो? खऱ्या युद्धात सोमवारी केबलवाला आलाय म्हणून लढाई थांबत नसे. रणगाडेकाका असा एक डाव खेळत आहेत. त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला मिडवेच्या लढाईत मुलगी झाली आणि ग्वाडालकॅनालपर्यंत ती बालवाडीत गेली. या दोन लढायांमध्ये प्रत्यक्षात अंतर दोन महिन्यांचं. डाव सुरू करण्यापूर्वी दोघांनी काय करायचं नाही याचा करार केला होता. तो करार मी वाचला आहे. आमच्या सोसायटीचा पुनर्विकासाचा करार त्यापेक्षा आखूड आहे आणि त्यात पळवाटा जास्त आहेत.

रणगाडेकाकांचा खरा विषय मात्र पत्रा. कोणत्या रणगाड्याचा पत्रा किती जाड, यावर ते जेवण सोडून बोलू शकतात. टायगरचा पुढचा पत्रा १०० मिलिमीटर. रशियन टी-३४ चा पुढचा पत्रा जेमतेम ४५, पण तिरका बसवलेला, म्हणून गोळ्याला तो जाड पडतो. तिरका म्हणजे किती तिरका, यावर गेल्या पावसाळ्यात गटाचे दोन तट पडले. एका बाजूने जुनं रशियन रेखाचित्र आलं, दुसऱ्या बाजूने संग्रहालयातल्या रणगाड्याशेजारी कोनमापक धरलेला हात. हात कुणाचा ते कळलं नाही, पण कोनमापक शाळेच्या कंपासपेटीतला होता. रणगाडेकाका चिडले, की समोरच्याला "तुम्ही कधी पत्रा हातात घेतलाय का?" असं विचारतात. स्वतः त्यांनी घेतलाय, पण तो कूलरचा होता.

हे वेड आमच्यापुरतंच आहे असं वाटत असेल, तर 'वॉर थंडर' या खेळाची हकीकत ऐका. २०२१ साली या खेळाच्या खेळाडूंमध्ये ब्रिटनच्या चॅलेंजर २ या चालू सेवेतल्या रणगाड्यावरून वाद लागला. खेळात रणगाडा चुकीचा दाखवलाय, असं एकाचं म्हणणं. कुणी ऐकेना. तेव्हा त्याने सैन्याच्या अधिकृत पुस्तिकेतली गोपनीय पानं सगळ्यांसमोर ठेवली. त्याच वर्षी फ्रान्सच्या लक्लेर्क रणगाड्याच्या वादात असेच कागद बाहेर आले. पुढच्या वर्षी चीनच्या एका तोफगोळ्याची माहिती आली. हेरगिरीच्या गोष्टींत पैसा असतो, सुंदर बाई असते, रात्रीचा पूल असतो. इथे यातलं काहीही नव्हतं. राष्ट्राची गुपितं फुटली ती "बघ, मी म्हणालो होतो की नाही" एवढ्या चार शब्दांच्या सुखासाठी. शत्रूच्या हेरखात्यांनी यावरून शहाणं व्हावं. पुढच्या वेळी माणूस फितवायला जाऊ नये, त्याचं नुसतं म्हणणं खोडून काढावं. तो पुरावा घरपोच देईल.

ही बातमी मी घरी सांगितली. बायको डाळ निवडत होती.

"म्हणजे युद्ध जिंकायचं नसतंच मुळी," ती म्हणाली. "वाद जिंकायचा असतो."

"तसं नाही अगदी."

"अहो, मग परवा रात्री दीड वाजता तुम्ही कुणाला 'पुरावा द्या' म्हणत होतात?"

मी विषय बदलण्यासाठी तिला माझी आघाडी दाखवली. रोस्तोव्हच्या अलीकडे सात डिव्हिजना, समोर मोकळं मैदान. तिने चष्मा लावला आणि बराच वेळ ते आकडे वाचले. तिने एकटीने नणंदेच्या लग्नात चारशे पानं उठवली आहेत, तेही आचारी आदल्या रात्री पळून गेल्यावर.

"या चार जणांकडे पेट्रोल नाही असं लिहिलंय," ती म्हणाली. "मग यांना पुढे का पाठवलंत?"

"धाडस म्हणून."

"आणि जेवण?"

"ते मागून येतंय."

"कुठून?"

मी नकाशावर बोट ठेवलं. बोट पोलंडवर होतं. ती काही बोलली नाही, पुन्हा डाळ निवडू लागली. जर्मनीच्या लष्करी मुख्यालयात एवढं कुणी विचारलं असतं, तर त्याला पूर्व आघाडीवर पाठवलं असतं. इथे उलट झालं, मला पिठाची गिरणी गाठायला पाठवण्यात आलं. वाटेत वॉचमनने गाडी अडवली, कारण माझ्या पार्किंगमध्ये सेक्रेटरींच्या पाहुण्यांची गाडी होती. सात डिव्हिजनांचा सेनापती चौकात गाडी लावून दळण घेऊन चालत आला.

गेल्या वर्षी गटात ठरलं, की परक्यांची युद्धं फार झाली, आपण पानिपत खेळायचं. एका जुन्या खेळात स्वतःची लढाई रचायची सोय आहे. मेजरांनी ते अंगावर घेतलं. पेन्शनरला एवढं मोठं काम मिळाल्याने त्यांच्या घरात आनंद पसरला, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. पण पानिपत आणि रशिया यांत फरक आहे. रशियाच्या लढाईत आम्ही पुस्तकं वाचून भांडतो. पानिपतासाठी पुस्तक लागत नाही, ते आम्हाला बाळगुटीबरोबर मिळालेलं असतं. तरीही गटात लगेच तीन पक्ष झाले. एक शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' वाचलेला, दुसरा विश्वास पाटलांची कादंबरी वाचलेला आणि तिसरा २०१९ चा चित्रपट पाहिलेला. तिसऱ्या पक्षाला पहिल्या पक्षाने बोलू द्यायचं नाही, हे न सांगता ठरलं. पहिल्या पक्षात एकच जण होता, आणि त्यानेही शेजवलकर अर्धेच वाचले होते.

मग भूमिका वाटायच्या. भाऊसाहेब व्हायला पाचजण तयार. इब्राहिमखान गारदी व्हायला रणगाडेकाका, कारण तोफा. "गोल मोडायचा नाही, आधीच सांगतो," त्यांनी बजावलं. गारद्यांच्या पद्धतीने गोल बांधून लढायचं ठरलं असताना विंचूरकर आणि गायकवाड तो मोडून पुढे धावले, ही त्यांची जुनी जखम. विंचूरकर व्हायला कुणी तयार होईना. मल्हारराव होळकर अर्थातच इंदूरच्या सरांना, आणि इथे मेजर चुकले.

"तुम्हाला सोपं आहे, सर," ते म्हणाले. "दुपारी निघायचं."

इंदूरचं तापमान स्क्रीनवरून जाणवलं. सरांनी पुढचे पाच दिवस मल्हाररावांनी रणांगण का सोडलं, कुणाला वाचवण्यासाठी सोडलं, आणि त्यांचा सल्ला आधी कुणी ऐकला नव्हता, यावर क्रमांक घालून मुद्दे लिहिले. बाविसाव्या मुद्द्याला मेजरांनी माफी मागितली. तेविसावा तरी आला.

अब्दाली व्हायला मात्र कुणीच पुढे येईना. अखेर न्यू जर्सीचा मित्र म्हणाला, "मी होतो. मी तसाही परदेशातच आहे." सगळ्यांनी त्याचे आभार मानले. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ भरलेली यमुना ओलांडली, मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता तोडला आणि पुढे पानिपतावर दोन-अडीच महिने उपासमार झाली. आमच्या खेळात अब्दाली अजून यमुनेच्या पलीकडे उभा आहे. त्याच्या ऑफिसात आधी रिलीज होता, मग थोरल्याचं घर लागायचं होतं, आणि खेळ त्याने अजून इन्स्टॉल केलेला नाही. मराठे हरलेले नाहीत असं हे एकमेव पानिपत. काहीजणांचं मत आहे, की त्याला आठवण करू नये.

मेजर मात्र स्वस्थ बसलेले नाहीत. ते रोज रात्री एकेक चकती घडवतात. हुजुरात, गारदी, शिंदे, होळकर, हत्ती, तोफखाना. प्रत्येक चकतीवर चार आकडे : हल्ला, बचाव, रसदीचा खर्च, वेग. मागच्या आठवड्यात त्यांनी बाजारबुणग्यांची चकती केली. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर यात्रेकरू, बायकापोरं, व्यापारी, नोकरचाकर असे न लढणारे हजारो लोक होते. त्यांच्याशिवाय पानिपत खरं होणार नाही, असं मेजरांचं म्हणणं. त्यांनी चकती गटात टाकली. हल्ला : शून्य. बचाव : शून्य. रसदीचा खर्च : सर्व चकत्यांत सर्वाधिक. वेग : बाकीच्यांना मागे खेचण्यापुरता.

बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग चिरंजीवांनी लिहिलं, "काका, हे तर आपण."

कुणाला नाकारता येईना. तेव्हा महायुद्धापासून पानिपतापर्यंत आम्ही गेलो नाही अशी आघाडी नाही. प्रत्येक फौजेबरोबर हिंडलो, प्रत्येक सेनापतीच्या तंबूबाहेर उभं राहून त्याचं काय चुकलं ते सांगितलं, त्याच्या रसदीवर जगलो, आणि एक गोळी झाडली नाही. मेजरांनी हसण्याची खूण टाकली. रणगाडेकाकांनी हात जोडले. क्षणभर सगळ्यांचं एकमत झालं, जे गटाच्या इतिहासात पूर्वी घडलेलं नव्हतं.

मग इंदूरच्या सरांनी लिहिलं, "बचाव शून्य कसा? बुणग्यांकडे काठ्या असत."

"पुरावा द्या," मी लिहिलं.